शिडी कोण धरणार?

मी शिडी बोलतेय. हो, तीच, जिन्याखाली आडवी ठेवलेली, जिच्यावर तुम्ही ओल्या छत्र्या वाळत घालता. दोन लाकडी दांडे, अकरा पायऱ्या आणि वय चाळिशीच्या पुढचं. माझ्याकडे कुणी बघत नाही, त्याची मला सवय आहे. पण आज ऐकणारं माणूस भेटलंय, तर दोन शब्द बोलून घेते.

सुताराने मला एका रंगाऱ्यासाठी घडवलं. त्याचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. घरी नेताना माझं पुढचं टोक त्याच्या खांद्यावर होतं आणि मागचं त्याच्या बायकोच्या. पुढे तीस-पस्तीस वर्षं आमचं असंच चाललं. तो वर चढायचा, ती मला खालून धरायची. छताची कड सरळ रेघेत रंगवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि लोक त्याचं कौतुकही भरपूर करायचे. तिचं कौतुक कुणी केल्याचं मला आठवत नाही.

ती दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरायची, डावा पाय पहिल्या पायरीवर रोवायची आणि तो उतरेपर्यंत वर बघत राहायची. फार थकली तर कपाळ माझ्यावर टेकायची, पण पाय काढायची नाही. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण त्याचं सगळं लक्ष भिंतीत असायचं.

मग ती गेली. वर्षभरात त्याला एकदा चक्कर आली आणि मुलाने त्याला दम भरला, "बाबा, पुन्हा वर चढलात तर ही शिडी मी तोडून टाकीन." माझी रवानगी जिन्याखाली झाली. माळ्यावरचं सामान काढायचं असलं की शेजारी मला न्यायचे आणि काम झालं की कुठेही टाकून द्यायचे. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

आमच्या इमारतीत तेव्हा दोन तट होते. खालच्या दोन मजल्यांवर आमच्या रंगाऱ्यासारखे जुने भाडेकरू, वरच्या दोन मजल्यांवर नव्याने आलेले. खालचे म्हणायचे, वरच्यांना रीतभात नाही. वरचे म्हणायचे, खालच्यांच्या कपाळावरची आठी काही हलत नाही. जिन्याच्या भिंतींचे पोपडे निघाले होते, पण जिना कुणाच्याच घरात येत नसल्यामुळे तो तसाच होता.

एके सकाळी चौथ्या मजल्यावरची मुलगी रंगाऱ्याच्या दारात आली. शाळा संपून वर्ष झालं होतं आणि हाताला काम नव्हतं.

"आजोबा, मला रंगकाम शिकवाल?"

"शिडीवरून उतरता येतं का?"

"चढता येतं."

"चढता मांजरालाही येतं," तो म्हणाला. पण त्याने मला बाहेर काढलं, फडक्याने पुसलं. मला अगदी भरून आलं, खोटं कशाला बोलू?

शिकवायला जिन्याचीच भिंत घेतली. जुना रंग खरवडायचा, भेगांमध्ये लांबीचा लगदा भरायचा, तो वाळला की घासायचा आणि मगच ब्रश हातात घ्यायचा. पोरगी चिकाटीची होती. "माझ्या हातातलं माझ्याबरोबर जायला नको गं," तो तिला म्हणायचा. तेवढी एकच चिंता त्याला उरली होती.

आता वर ती होती, त्यामुळे धरणं त्याच्याकडे आलं. ते त्याने जन्मात केलं नव्हतं. पाचव्या दिवशी ती माझ्या सातव्या पायरीवर असताना रंगाचा एक थेंब फरशीवर पडला. थेंब ओला असतानाच पुसायचा, हा त्याचा आयुष्यभराचा नेम. त्याने मला सोडलं, फडकं उचललं आणि वाकला. माझे पाय सरकले आणि मी तिला सावरू शकले नाही. डबा पालथा झाला, तिचं मनगट मुरगळलं.

तिची आई धावत खाली आली. "काका, तुमच्या भरवशावर सोडली होती मी तिला."

त्याने मान खाली घातली. दारं उघडली, खालचे आणि वरचे एकमेकांवर तुटून पडले. कोण काय बोललं ते मी सांगणार नाही. बहुतेकांना आता त्याची लाज वाटते.

सगळे गेल्यावर तो एकटाच माझ्यावरचा रंग धूत बसला. धुता धुता पहिल्या पायरीशी त्याचा अंगठा थांबला. पायरीच्या डाव्या अंगाला लाकूड झिजून पावलाएवढा खळगा पडलाय. तो कितीतरी वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिला. "इथे उभी असायची होय," असं पुटपुटला आणि मग रडला.

पोरीचं मनगट बरं झाल्यावर तो स्वतः चौथ्या मजल्यावर गेला. तिथे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण येताना मुलीची आई त्याच्याबरोबर होती.

"पोरीला पुन्हा चढवायची तर आधी मी चढणार," ती म्हणाली. "धरून दाखवा."

चपला काढून, रंगात बुडवलेला ब्रश घेऊन ती लटपटत सातव्या पायरीपर्यंत गेली. त्याने डावा पाय खळग्यात रोवला, दांडे धरले आणि वर बघितलं. खालच्या मजल्यांवरची दारं किलकिली झाली होती. बाईने ब्रश मुद्दाम तिरका केला. रंगाचा चांगला मोठा ठिपका फरशीवर पडला.

"काका, फरशी खराब होतेय."

"होऊ दे."

"रंग वाळला तर निघायचा नाही."

"तुम्ही उतरा आधी. मग बघू."

ती लगेच उतरली नाही. वरून त्याच्याकडे बघत राहिली. मग सावकाश उतरली आणि फडकं तिनेच उचललं.

मुलगी पुन्हा चढली. त्याला फार वेळ उभं राहवत नसे, म्हणून दुसऱ्या मजल्यावरचा निवृत्त पोस्टमन धरायला आला, मग तिसऱ्यावरची नर्स. रंगाऱ्याने प्रत्येकाला पाय कुठे ठेवायचा ते शिकवलं. वरच्या माणसाकडे अर्धा तास मान वर करून बघत राहिलं की त्याच्याशी अबोला धरणं अवघड जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पोस्टमनने पोरीला चहाला बोलावलं, तेव्हा जिना निम्मासुद्धा झाला नव्हता.

आता ती घरोघरी काम घेते. माझी नववी पायरी कुरकुरते, तिला तारेने आवळलंय. मोडेन तेव्हा खुशाल चुलीत घाला, माझी ना नाही. पण तोवर मला कामाला न्या, आणि न्यायला दोघं या.

गेल्या आठवड्यात तिने रंगाऱ्याचीच खोली रंगवली. तो आता अंथरुणाला खिळलाय. आई मला धरून उभी होती, पोरगी वर छताची कड ओढत होती. काम संपल्यावर वरूनच तिने विचारलं, "आजोबा, कड सरळ आलीय का?"

"ते नाही बघितलं गं मी," तो म्हणाला. "मी तुझ्या आईकडे बघत होतो. अशी धरतात होय."