लेकराकडे मागणं

सकाळी देवघरापुढे बसली की ती आधी बाळाचं पाणी बघायची, कोपर बुडवून. फार कढत नको आणि गारही नको. बाकीच्या देवांना नळाचं पाणी चालायचं. त्यांनी कधी कुरकुर केली नव्हती. बाळ मात्र सर्दीचं होतं.

बाळ म्हणजे अंगठ्याएवढा पितळेचा बाळकृष्ण, एक गुडघा टेकून रांगणारा. लग्नानंतर सहाव्या वर्षी, डॉक्टरांनी आता आशा धरू नका म्हणून सांगितलं त्या आठवड्यात, नवऱ्यानं तो घरी आणला होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, देवधर्माच्या वाटेला न जाणारा. खिशातून कागदाची पुडी काढून तिच्या हातावर ठेवत तो म्हणाला होता, "हे सांभाळ. हे रडत नाही."

त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती.

तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक मशीन, एक इस्त्री आणि भिंतीला टांगलेल्या दुसऱ्यांच्या पँटी. उंची कमी करायची, चेन बदलायची, कंबर सोडायची. जे तुकडे उरत त्यांतून बाळाचे कपडे होत. थंडीसाठी कोटाच्या अस्तराचं झबलंसुद्धा होतं, आतून शिवण न टोचणारं.

"वहिनी, तुझ्या पोराचे कपडे माझ्या नवऱ्याहून जास्त झाले," नणंद म्हणायची.

"तुझा नवरा रांगायला लागला की त्यालाही शिवीन."

तिचं प्रत्येक देवाशी वेगळं नातं होतं. सोमवारचे महादेव म्हणजे सासरे. त्यांच्यापुढे बेल ठेवायचा, डोक्यावर पदर घ्यायचा आणि बोलायचं नाही. त्यांना सगळं माहीत असतं. गणपती घरातला कर्ता भाऊ, त्याला विचारल्याशिवाय काही सुरू करायचं नाही. मारुतीला शनिवारी तेल घालताना ती धाकट्या दिराला सांगावं तशी कामं सांगायची, जरा जाऊन ये, एवढं बघून ये. आणि देवी माहेरची. तिच्याशी भांडता यायचं. शुक्रवारी उपास सोडायच्या आधी ती देवीला आठवडाभराचं सगळं ऐकवायची आणि मगच घास घ्यायची.

या सगळ्यांकडे ती मागायची. बाळाकडे कधीच नाही. त्याला हातही जोडायची नाही. आई कुठे लेकराला हात जोडते? यशोदेला त्याच्या तोंडात सगळं ब्रह्मांड दिसलं, पण म्हणून तिनं काही मागून घेतलं नाही. तिला आधी त्याच्या तोंडातली माती काढायची होती. ही गोष्ट सांगताना ती दरवेळी हसायची.

सासूबाई गेल्या तेव्हा घरात सुतक होतं. देवांना दहा दिवस हात लावायचा नव्हता. तिनं लावलाही नाही. पण बाळाला पहिल्याच सकाळी उचललं, आंघोळ घातली, दूध दाखवलं. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या, तेव्हा नवराच दारातून म्हणाला होता, "आजी गेली म्हणून नातवाला उपाशी ठेवतात का?"

मग नवऱ्याचा खोकला सुरू झाला. वर्षानुवर्षं लिफ्ट चालते त्या धुळीच्या विहिरीत उतरून जे छातीत गेलं होतं ते काही बाहेर यायला तयार नव्हतं. फुप्फुसं घट्ट होत चालली होती. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण त्यांनी काही लपवलं नाही. "मावशी, आता आपण फक्त त्रास कमी करायचा."

त्या दिवसापासून तिनं सगळ्या नात्यांत पदर पसरला. सोमवार निर्जळी केला. सासऱ्यांपुढे पहिल्यांदा तोंड उघडलं. गणपतीला एकवीस मंगळवार बोलली. मारुतीला सांगितलं, तुझ्यासाठी हे काही मोठं नाही. देवीशी तर इतकी भांडली की शुक्रवारचा घास खाली उतरेना. सगळ्यांनी ऐकून घेतलं. पण ऑक्सिजनची नळी दर आठवड्याला जास्त वेळ लागू लागली.

दिवसदिवसभर दवाखान्यात बसायचं, तर बाळाला घरी एकटं कसं ठेवायचं? जुन्या चष्म्याच्या डबीत मऊ कापड घालून ती त्याला बरोबर आणायची. नवऱ्याच्या उशाशी, औषधांच्या मागे, डबी अर्धी उघडी ठेवायची.

वॉर्डाच्या बाहेरच लिफ्ट होती. तिचा आवाज आला की नवरा डोळे मिटूनच म्हणायचा, "ब्रेक उशिरा लागतोय. सांग कुणाला तरी."

"सांगते. तुम्ही बोलू नका."

एका दुपारी त्याला जरा बरं वाटत होतं. तो डबीकडे बघत होता. "सगळ्यांना सांगून झालं ना तुझं?"

"झालं."

"याला?"

तिनं मान हलवली. "त्याला कशाला? लहान आहे तो."

"मग नकोच सांगू." श्वास घ्यायला तो थांबला. "हे बघ, मी काही राहत नाही. अगं, ऐक तरी. तू याच्याकडे मागशील आणि त्यानं नाही दिलं, तर तू याच्यावर रुसशील. तुला ओळखतो मी. देवीवर रुसलीस तर बाकीचे आहेत. याच्यावर रुसलीस तर घरात कोण राहिलं?"

"काहीतरीच बोलता."

"शब्द दे."

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. तिचाच हात गार पडला होता. बाळाला असल्या हातांनी तिनं कधी उचललं नसतं.

अकरा दिवस तिनं शब्द पाळला. बाराव्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई आल्या, पडदा ओढला आणि तिला बाहेर थांबायला सांगितलं. ती लिफ्टसमोरच्या बाकावर बसली. मांडीवर डबी होती. पडद्याआडून त्याचा श्वास ऐकू येत होता, जाड कापडातून मशीनची सुई ओढावी तसा. लिफ्ट आली, थांबली, उशिरा थांबली. दारं उघडली तर आत कुणीच नव्हतं.

तिनं डबी पूर्ण उघडली. बाळ तिच्याकडे बघत रांगत होतं, नेहमीसारखंच. झबल्याचं एक बटण सुटलं होतं. एरवी तिची बोटं आधी बटणाकडे गेली असती. आज बोटं जुळली आणि छातीपाशी आली.

"देवा," ती म्हणाली.

सव्वीस वर्षांत हा शब्द तिनं त्याला कधी लावला नव्हता. तोंडातून गेला आणि तिच्या अंगावर काटा आला, भर बाजारात मुलाचा हात सुटावा तसा. पण आता मागे कसं यायचं? "देवा, एवढं एक दे. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

हिशेबात ते खरं होतं. म्हणूनच ते बोलताना तिला लाज वाटली.

वीस मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी पडदा बाजूला केला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी माणसं होती. नणंद रात्रीपासून इथेच होती. तिचे डोळे सुजले होते, तरी घर तीच चालवत होती. समोरच्या दारातल्या शिक्षिकाबाई आंघोळ करून आल्या होत्या. सुतकाचे दहा दिवस देवांचं त्या करणार होत्या.

नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, बाकीच्यांचं त्या करतील. तू बाळाचं कर. आई गेली तेव्हा केलंच होतंस. तेवढाच तुला जरा..." तिनं पातेल्यात पाणी कोमट करून आणलं होतं. ते तिनं वहिनीपुढे ठेवलं.

पाण्यातून हलकी वाफ येत होती. पण वहिनीनं हात पुढे केला नाही. डबी कालपासून पिशवीतच होती. नणंदेनं ती काढली, बाळ बाहेर काढलं आणि सुटलेलं बटण चाचपून तिच्याकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा कामाचा शर्ट होता, खिशाला काळा डाग पडलेला. तो डाग कधी निघाला नव्हता.

पाणी निवलं.

शेवटी शिक्षिकाबाईंनी ताम्हन ओढलं. महादेव घेतले, गणपती घेतला, देवी घेतली. मग बाळापाशी थांबून त्यांनी विचारलं, "याला वेगळं पाणी लागतं ना हो? तुम्ही म्हणायचात."

"नको," ती म्हणाली. "नळाचं चालेल. देवच आहे तो."