पोटातली अनू

मित्रांनो, मी एक जुनं कापडी अस्वल आहे आणि माझ्या पोटात बरीच वर्षं एक मुलगी राहत होती. घाबरू नका. मी चावत नाही, मला दातच नाहीत. ती मुलगीही कुणाला त्रास देणारी नव्हती. ती फक्त विचारायची.

आधी माझा जन्म सांगतो. अमडापूरच्या बाजारात शकूरभाईंचं शिवणकामाचं दुकान होतं. बुरख्यातून उरलेल्या काळ्या कापडातून त्यांनी मला शिवलं, पोटात कापूस ठासला, डोळ्यांच्या जागी शेरवानीच्या दोन गुंड्या लावल्या. छातीवर पांढरा पट्टा जोडला, कारण आपल्या ज्ञानगंगेच्या जंगलातल्या अस्वलाला तो असतो. दुकानांत टांगलेली ती गुलाबी, गुबगुबीत अस्वलं पाहिली की मला हसू येतं. असलं अस्वल कुठल्या जंगलात असतं हो?

सिंधूताईंनी मला त्यांच्या लेकीसाठी घेतलं. तिचं नाव अनुपमा, पण सगळे अनू म्हणायचे. नुकतीच वर्षाची झाली होती. काय छळलं तिनं मला! कान चावले, वरणात बुडवलं, पाय धरून अंगणभर फरफटलं. तेवढा सुखात मी पुन्हा कधीच नव्हतो.

दोन वर्षांची झाली आणि तापानं गेली. चार दिवसांत सगळं आटोपलं.

घरातल्या मोठ्यांनी सांगितलं, गेलेल्या लेकराचं काही घरात ठेवू नये, पुढच्या लेकराला बाधतं. दुपटी, खुळखुळा, कपडे, सगळं नदीत सोडलं. तिचं नावही कुणी घ्यायचं नाही असं ठरलं. माझी पाठ उसवली होती म्हणून मी तेव्हा शकूरभाईंच्या दुकानात होतो, नाहीतर मीही वाहून गेलो असतो.

मला न्यायला सिंधूताई एकट्याच आल्या. पदराखालून त्यांनी पिवळा फ्रॉक काढला. शेवटच्या दिवशी अनूच्या अंगात होता तो, न धुतलेला.

"शकूरभाऊ, हे याच्या पोटात शिवून द्या. मले घरात ठेवू देऊन नाही राह्यले."

शकूरभाईंनी दुकानाचा पडदा ओढला. दोन मुठी कापूस काढला, फ्रॉक आत ठेवला आणि पाठ शिवून टाकली. "बेफिकर रहो, ताई," ते म्हणाले. "ये बात मेरे साथ जाएगी." आणि तशी ती गेलीच. शकूरभाई आता नाहीत.

सिंधूताईंनी मला लपवून घरी आणलं आणि पेटीच्या तळाशी ठेवलं. पहिल्याच दिवशी माझ्या पोटातून आवाज आला, "माय कुठी हाये?" अंगावर काटा आला माझ्या! पण आवाज ओळखीचा होता. मी म्हटलं, येईल हं, थांब. आणि सिंधूताई यायच्याच. दुपारी घरात कुणी नसलं की त्या मला बाहेर काढत, पाठीच्या शिवणीला नाक लावत आणि डोळे मिटून बसत. खोबरेल तेल, ओव्याची धुरी आणि आंबूस दूध, असा तो वास होता. तेवढा वेळ पोटातली पोर गप्प राहायची. पुढं गोपाल झाला, मोठा झाला, त्याचं लग्न झालं. आपल्याला एक बहीण होती हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

यंदा सिंधूताई लग्नासाठी आठ दिवस दुसरबीडला बहिणीकडे गेल्या. इकडे गोपालनं घर रंगवायला काढलं. पेटी हलवताना मी त्याच्या हाती लागलो. चिखलीच्या योगिनी मॅडम जुनी कापडी जनावरं गोळा करतात हे त्याला माहीत होतं. त्यानं हौसेनं मला नेऊन दिलं. "धूळ खात पडलं होतं, मॅडम. तुमच्या कामी येईन."

योगिनी मॅडम वाईट नाहीत, हे आधीच सांगतो. साठ-सत्तर जनावरं आहेत त्यांच्याकडं आणि त्या प्रत्येकाचं वय शोधून काढतात. डोळे काचेचे की प्लास्टिकचे, दोरा सुती की टेरिलीनचा, आत भुसा आहे की कापूस की फोम, सगळं बघतात. माझा पट्टा पाहून तर त्या लहान मुलीसारख्या हरखल्या. मग त्यांना दिसलं की पाठीची शिवण दुसऱ्यांदा घातलेली आहे. त्यांनी बारीक कात्री घेतली.

बाई, नका हो, नका! मी जीव तोडून ओरडलो. कापडाचं ओरडणं ऐकतं कोण?

"अरेच्चा, कापूस कमी पडला म्हणून चिंधी कोंबलीय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. कसर लागू नये म्हणून त्यांनी फ्रॉक साबणाच्या पाण्यात हळुवार धुतला. त्या बादलीतून अनूनं दोनदा विचारलं, "माय कुठी हाये?" तिसऱ्यांदा पाणी बदललं आणि मग काही ऐकू आलं नाही. फ्रॉक उन्हात वाळवून, घडी करून त्यांनी पुन्हा माझ्या पोटात ठेवला आणि कार्ड लिहिलं. 'अस्वल, अमडापूर. अंदाजे १९८४. भरण: कापूस व जुने कापड.' साल अगदी बरोबर होतं. बाईंची नजर मानावीच लागेल.

सिंधूताई परत आल्या आणि त्यांनी पेटी उघडली. "मह्यं अस्वल आण," एवढंच त्या गोपालला म्हणाल्या आणि दारातच बसून राहिल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. तो घाबरून चिखलीला धावला. मॅडमनी कुरकुर न करता मला परत दिलं.

सिंधूताईंनी शिवणीला नाक लावलं. पुन्हा लावलं. माझी पाठ उलटसुलट करून पाहिली.

"धुतलं वं माय यायनं," त्या म्हणाल्या आणि लहान पोरासारख्या रडायला लागल्या.

"चांगलं स्वच्छ त झालं माय, रडून काऊन राह्यली?"

"तुह्या आंधी मले एक पोरगी होती, गोपाल. अनू. तिचा वास होता याच्यात."

गोपाल त्यांच्या शेजारी बसला. त्यानं विचारलं, "आता केवढी असती वं माय, अनू?"

सिंधूताईंना बोटांवर मोजावं लागलं नाही. "पाडव्याले बेचाळीस पुरे झाले. आता चष्मा लागला असन तिले."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. धूळ झटका, उसवलं असेल तर टाका घाला, कपाटात मानानं बसवा. पण साबण लावण्याआधी घरात एकदा विचारा. जिला विचारायचं ती बाई लग्नाला गेली असेल, तर ती येईपर्यंत थांबा. आठ दिवसांत काही बिघडत नाही.

सिंधूताई अजूनही रोज दुपारी माझ्या पाठीला नाक लावतात. आता घरात सगळे असले तरी लावतात. मी पोटात हाक मारतो, अनू, माय आली बघ. कुणी बोलत नाही.