न मागता आलेला चहा

चौपन्न साली सोनपेठला बंगळूरहून जावयाची तार आली, ‘भागम्मा आजारी. विमानानं या.’ शिवम्माच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. साध्या दुखण्याला कुणी सासूला विमानानं बोलावतं का?

दिरानं तिला हैदराबादच्या विमानतळावर पोचवलं. आत एकटीनंच जायचं होतं. कारकुनानं गाठोडं तोलून ठेवून घेतलं आणि हसून चिठ्ठी दिली. एका बाईनं हात धरून तोंड धुवायची जागा दाखवली, मऊ खुर्चीत बसवलं. मग न मागता चहा आला.

शिवम्मानं कप खाली ठेवला. कुणाच्या घरी माणूस गेलं आणि घरच्यांना अजून कळलेलं नसलं, की गावातले लोक असंच जपून, गोड वागतात. या सगळ्यांना ठाऊक होतं तर!

ती तडक कारकुनापुढं गेली. “खरं सांगा साहेब, माझी लेक गेली का?”

कारकून गडबडला. तो तिच्याच मुलखातला, पूर्णा गावचा निघाला. “माय, तुमच्या लेकीचं आमाला काय ठावं? हितं समद्यांलाच चहा देतेत. ते बघा.”

कोपऱ्यात एक जाडजूड शेठजी दुसरा कप मागून घेत होता. शिवम्मा त्याच्याकडं बघत राहिली. तिचा पुरता विश्वास बसला नाही. विमानातही तिनं पाण्याचा घोट घेतला नाही.

बंगळूरच्या दवाखान्यात भागम्मा उशीला टेकून बसली होती. तोंडावरचा रंग पार उतरला होता.

“लय उशीर केलास, माय,” ती रुसून म्हणाली.

शिवम्मा तिथंच मटकन खाली बसली आणि तेव्हा कुठं रडली.