भरल्या रांगेत

छावणीत तंबूला तंबू खेटून. शेजारणीने कूस बदलली तरी आपल्याला कळावं. अशा ठिकाणी अब्रू सांभाळायची म्हणजे चाळणीत पाणी धरायचं. तरी मी धरून बसले होते. आमचे हे हेडमास्तर. गाव सुटलं, शाळा जळाली, पण नळावरच्या रांगेत लोक अजून यांना वाट देत.

पलीकडच्या ओळीत पटकीने दोघं गेली. तेव्हापासून दवाखान्याची सिस्टर रोज सकाळी नळाशी येई. सगळे तिथेच सापडतात म्हणून तिथेच विचारी, तेही कर्णा तोंडाला लावून, "जुलाब कुणाला होतायत? हात वर करा!" आता तुम्हीच सांगा, भरल्या रांगेत, सासऱ्यादेखत, कुठली सून हात वर करील? सिस्टर बिचारी समाधानाने पुढे जाई.

त्या दिवशी आमची सून पहाटेपासून पोट धरून संडासाच्या खेपा घालत होती. डोळे पार खोल गेलेले. मीच तिला दटावलं, "चारचौघांत बोलू नकोस. थांबेल आपोआप." मुलगा कामाच्या शोधात दूर गेलेला. तिचं काही बरंवाईट झालं असतं तर त्याला काय तोंड दाखवणार होते, देव जाणे.

रांगेत तिचा तोल गेला. यांनी हातातला कॅन टाकून तिला सावरलं. तिचे हात गार पडले होते. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग हजेरी घ्यावी तशा खड्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, मला जुलाब होतायत!"

रांगेत खसखस पिकली. सिस्टर धावत आली. "कधीपासून, काका?"

"माझ्या नाही लक्षात." हे सुनेकडे वळले. "तू सांग, बाळ."

सून मान खाली घालून पुटपुटली, "पहाटेपासून. नुसतं पाणी."

"उलटी?"

"दोनदा."

सिस्टर काय ते समजली. तिने यांचा नाही, सुनेचा हात धरला. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "सिस्टर, आमच्या धाकटीलाही होतंय." मग आणखी एक हात वर झाला.

दवाखान्याच्या तंबूकडे हेही निघाले. मी म्हटलं, "अहो, तुम्ही कशाला? तुम्हाला कुठे काय झालंय?"

"मी मागे राहिलो तर लोक तिच्याकडे बघतील." मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "पोरगी गेली असती गं."

रांगेत कुणालाच ऐकू गेलं नाही. त्यापेक्षा माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.