अडकलेलं चित्र

रिझालिन लोकांना थेट दाखवत व्हिडिओ गेम खेळायला बसली की आधी पडद्याच्या कोपऱ्यातल्या नखाएवढ्या चौकोनाकडे बघायची, शत्रूकडे मग. चौकोन हिरवा असला की सगळं आलबेल. पिवळा झाला की तिचा खेळ लोकांपर्यंत अडखळत पोहोचायचा, आणि लाल झाला की फ्रेमांमागून फ्रेमा वाटेतच गळायच्या. इकडे तिची नायिका तिघांना लोळवून पुढे गेलेली असायची, आणि बघणाऱ्यांना दिसायची तलवार हवेत धरून थिजलेली एक बाई.

बघणारेही एकेक नग होते. "चौकात पुतळा बसवलाय का गं, इंदाय?" एकाने लिहिलं; तिच्या गावाकडे पोरींना लाडाने इंदाय म्हणतात. "हलली, हलली! नाही रे, भास झाला," दुसऱ्याने. तिसरा म्हणाला, "मी तांदूळ धुऊन आलो, ही अजून तिथेच." रिझालिन कॅमेऱ्यासमोर हसायची. हसण्यावाचून करणार काय? हसता हसता जबडा दुखायला लागायचा.

लोकांच्या थट्टेने कोणी मरत नाही. पण त्या आठवड्यात बघणाऱ्यांमध्ये कोच रॅमिल होता. मनिलाच्या एका संघात एक जागा रिकामी झाली होती. संघाचं स्वतःचं घर, पगार, जेवण, आणि तिथली लाइन अशी की फ्रेम गळणं म्हणजे काय हे तिथल्या पोरांना माहीतच नाही. कोचने सांगून ठेवलं होतं, "आठवडाभर रोज दुपारी चारला माझ्यासमोर खेळायचं. खेळ बघायचाय मला, फोटोंचा अल्बम नाही. आणि लाइन खराब होती ही सबब मी ऐकत नाही. घरची लाइन सांभाळता येत नाही ती माझा संघ काय सांभाळणार?"

ती जागा मिळाली नाही तर पुढे काय, हे रिझालिनला चांगलं ठाऊक होतं. पुढे हीच खोली. ओटोन गावातल्या घरातली, पूर्वी तांदळाची पोती ठेवायची ती. खिडकी नाही, दार स्वयंपाकघरात उघडणारं. कॉलेज सुटल्यापासून ती इथेच बसत होती आणि घामाने पाठ खुर्चीला चिकटत होती. कॉलेज सुटलं कारण तातायचा, म्हणजे तिच्या खलाशी बापाचा, पगार थांबला. पगार थांबला कारण तातायची बोटच थांबली.

बोटीची गोष्ट सगळ्या ओटोनला पाठ झाली होती. मालकाने हात वर केले आणि बोट आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून पडली. माणसांना उतरायची परवानगी नाही, कारण बोट सोडून गेली तर तिची जबाबदारी कोणावर? किनारा डोळ्यांसमोर, आणि वर्ष उलटून गेलं तरी जमिनीला पाय नाही. बंदरातल्या पाद्र्यांनी दया येऊन इंटरनेटची एक डबी दिली होती. ती मागच्या टोकाला ताडपत्रीखाली ठेवलेली असे, आणि एका वेळी एकाचाच फोन धड चाले. म्हणून माणसांनी वेळा वाटून घेतल्या होत्या. भल्या सकाळची गार वेळ सगळ्यांना हवी होती. तातायने टळटळीत दुपारची मागून घेतली. कारण तेव्हा ओटोनमध्ये चार वाजलेले असत, आणि चारला नानाय, रिझालिनची आई, चूल पेटवायची.

रिझालिनने फ्रेमांच्या मागे लागून काय काय केलं नाही! वायफाय सोडून जाडजूड केबल ओढली. केबल बदलली. चित्राची प्रत इतकी खाली आणली की नायिकेला नाक उरलं नाही. ज्या सर्व्हरकडे चित्र पाठवायचं तो बदलला, विंडोज पुसून नव्याने टाकलं, राउटरची डबी उन्हातून उचलून पंख्याखाली ठेवली. सकाळी सगळं झकास चाले. चार वाजले की लाल.

"नानाय, कोणी नेट वापरतंय का?" ती आतूनच ओरडायची.

"नाही गं, कोणी नाही!" स्वयंपाकघरातून उत्तर यायचं. "मी भेंडी चिरतेय!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. दुसऱ्या दिवशीही अल्बमच झाला आणि कोचने नुसता एक उसासा लिहून पाठवला. तेव्हा कुठे रिझालिनने राउटरच्या पानावर जाऊन घरातलं एकेक यंत्र तपासलं. नानायचा फोन भसाभसा चित्र वर पाठवत होता. ती उठून दारात आली. फोन व्हिनेगरच्या बाटलीला टेकवून उभा होता, तोंड चुलीकडे. पडद्यावर ताताय बसला होता, काही न बोलता, पाय पोटाशी घेऊन. नानायही बोलत नव्हती. ती भाज्यांचा पातळ लास्वा ढवळत होती आणि तो ते बघत होता.

"अगं नानाय, मग हा फोन चालूच आहे की!"

"चालू कसला? बोलतंय का कोणी?" नानायला खरंच नवल वाटलं. "तो आपला बसलाय घरात."

आणि खरंच होतं ते. ओटोनमध्ये निम्म्या घरांतून असा दूरदेशी गेलेला कोणीतरी बाटलीला टेकून घरात बसलेला असतो. त्याला कोणी फोन म्हणत नाही.

रिझालिनला बापाशी बोलता आलं असतं. "ताताय, हा आठवडा तेवढा फोन लावू नका," एवढंच. पण विचारलं असतं तर तो तत्काळ हो म्हणाला असता, वर हसला असता, आणि म्हणूनच तिला विचारवेना. मागून घ्यायची लाज वाटली, म्हणून तिने चोरून घेतलं. राउटरच्या पानावर नानायच्या फोनसमोर एक आकडा टाकला. बाहेर जाणारं चित्र चिमटीत धरावं तसं आवळलं. येणारं होतं तसंच ठेवलं, नाहीतर नानायला संशय आला असता.

तिसऱ्या दिवशी चौकोन हिरवा राहिला. रिझालिन अशी खेळली की थट्टेखोरांची तोंडं बंद झाली, आणि कोचने लिहिलं, "अच्छा, म्हणजे खेळता येतं तर."

खेळ संपवून ती बाहेर आली तर नानायने फोनच तिच्या हातात दिला. "बघ बाई, हा काय म्हणतोय ते."

"इंदाय, तू यातली पंडित," ताताय म्हणाला. "चित्र अडकतंय गं. तुझी आई मघापासून एकच भेंडी चिरतेय. आमच्या बोटीवरचा जुनरे म्हणतो, वहिनींना म्हणावं धार लावून घ्या सुरीला."

चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, याला कळलं. पण त्याच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. शिकलेल्या लेकीकडे बघताना बापाचा होतो तसा भोळा चेहरा होता तो.

"तुमच्याकडेच काहीतरी असेल," ती म्हणाली. काहीतरी सांगायचं म्हणून पुढे म्हणाली, "त्या ताडपत्रीखाली रेंज अडत असेल. जरा बाहेर मोकळ्यावर जाऊन बघा."

"हां! हे डोक्यातच आलं नाही बघ," ताताय म्हणाला आणि लगेच उठला.

दुसऱ्या दिवशी मॅचच्या मधल्या विश्रांतीत ती पाणी प्यायला आली. फोनमध्ये ताताय उन्हात उभा होता. डोक्यावर ओला टॉवेल, फोन धरलेला हात उंच, डोळे बारीक केलेले. लोखंडी डेक तापून चपलांना चटके बसत होते म्हणून तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभा राहत होता. "आता?" तो विचारत होता. "आता येतंय का गं काही? चूल पेटली का?" तो नानायला लख्ख दिसत होता. त्याला नानाय दिसत नव्हती. रिझालिन पाणी प्यायली, तिने पेला उपडा ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्या खोलीत पूर्वी तिला नुसतं उकडायचं. आता श्वासच पुरेना. आकडा काढावा तर कोच, ठेवावा तर ताताय. इकडे आड, तिकडे विहीर. चारच दिवसांचा प्रश्न आहे, तिने मनाला बजावलं. मनिलाला गेले की पहिल्या पगारात घराला दुसरी लाइन घेईन, मग बसू देत त्याला दिवसभर बाटलीला टेकून. कारण चांगलं होतं, फक्त उन्हात ती उभी नव्हती. रोज तो नवं काही करून बघे. मालाच्या कोठाराच्या लोखंडी झाकणावर चढे, कठड्याशी वाके, आणि रोज विचारी, "इंदाय, अजून काय करू?" आणि ती, जिला उत्तर ठाऊक होतं, त्याला रोज एक नवी जागा सांगे.

शेवटच्या दिवशी ती जिंकली. एक फ्रेमही गळली नाही. कोचने फार गोड बोलण्याचे कष्ट घेतले नाहीत. "बॅग भर. सोमवारी ये," एवढंच लिहिलं.

तिने आधी राउटरचं पान उघडलं आणि तो आकडा पुसला. मग धावत बाहेर आली. लास्वा रटरटत होता. फोन व्हिनेगरच्या बाटलीला टेकलेला होता, पण पडदा काळा होता.

"आज आलाच नाही गं," नानाय म्हणाली. तिने चूल मुद्दाम मोठी ठेवली होती. "तुझं काय झालं?"

"झालं. घेतलं मला."

नानायने ओल्या हातांनीच तिचा चेहरा धरला आणि ती रडायला लागली. तेवढ्यात फोन वाजला. नुसता आवाज, चित्र नाही. रिझालिनने उचलला.

"इंदाय, जुनरेच्या वेळेतून दोन मिनिटं घेतलीत, पटकन बोलतो," ताताय म्हणाला. "माझी वेळ त्यालाच देऊन टाकली. त्याच्याकडे बाळ झालंय, आणि चित्र कसं स्वच्छ येतं त्याचं! मला नाहीतरी काही दिसत नव्हतं, उगाच अडवून कशाला ठेवू? आईला सांग, बोट सुटली की एकदम समोरच बसेन चुलीच्या. तुझं काय?"

"मिळाली जागा."

"वा गं माझी वाघीण! चला, दोघांतलं एक तरी सुटलं."

इथे गप्प बसता आलं असतं. पण ते तिच्याच्याने झेपेना. "ताताय, तुमची रेंज खराब नव्हती," ती म्हणाली. "मी इथून आवळून ठेवलं होतं. माझी फ्रेम गळू नये म्हणून. ती वेळ परत घ्या. आता दिसेल सगळं, मी काढलंय ते."

"दिलेली वेळ कशी परत घेऊ? बाळ बघतोय तो," ताताय सवयीने बोलून गेला. डेकवरचा वारा फोनमध्ये घुसत होता. "म्हणजे मी तिकडे झाकणावर उभा होतो तेव्हा... तुला दिसत होतो का मी?"

"हो."

"रोज?"

"हो, ताताय."

"आईला दे फोन," तो म्हणाला.

तिने दिला. नानायला कशाची गंधवार्ता नव्हती. डोळे पुसत ती ओरडलीच, "ऐकलंस का? आपली इंदाय मनिलाला चालली! सोमवारी! अरे, ऐकतोयस ना? हॅलो?" तिने फोन कानापासून दूर धरला, हलवला, पुन्हा लावला. पलीकडून काहीच येईना.

"मेली लाइन पुन्हा गेली," नानाय म्हणाली आणि तिने फोन लेकीपुढे धरला. "बघ गं जरा काय बिघडलंय."

रिझालिनने बघितलं. लाइन चालू होती.