कोरं मशीन

खंडेनवमीला आमच्या सातपूरच्या कारखान्यात सगळ्या मशीनना झेंडूच्या माळा पडल्या, हळदकुंकू लागलं. माझं ड्रिलिंग मशीन तेवढं कोरं राहिलं. मी ते सकाळीच रॉकेलने पुसलं, तेल दिलं, पट्टा ताणला आणि हात धुऊन बाजूला उभा राहिलो. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर माझ्या बापाने घरातले देव गोदावरीत सोडले. घरात नाहीत ते मी कारखान्यात येऊन मांडणार नव्हतो. पेढे मात्र दोन खाल्ले. पेढ्याशी माझं भांडण नाही.

त्याच वेळी एका नव्या कंपनीची ड्रिलं तपासणीसाठी आली होती. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून विझवून कडक केलेल्या पोलादात साधं ड्रिल शिरत नाही, तोंड जळून बसतं. या ड्रिलांच्या टोकाला पोलादाहूनही कठीण अशा कार्बाइडचा तुकडा बसवलेला होता. आमचे फोरमन शामसुंदर साहेब. त्यांनी ड्रिलांचा डबा पूजेच्या ताटात ठेवला, कुंकू लावलं आणि दसऱ्याची सुट्टी संपल्यावर निम्मी ड्रिलं मला, निम्मी शेजारच्या मशीनवरच्या झुंबरला दिली. दोघांनी पाणी दिलेल्या पोलादाच्या एकेका प्लेटला भोकं पाडून बघायची होती.

माझं पहिलं ड्रिल अर्ध्या भोकातच कटकन मोडलं. दुसऱ्याचं टोक सुटलं. तिसऱ्याचीही तीच गत. झुंबरचं मात्र पहिलंच ड्रिल भोकामागून भोक पाडत होतं. बघायला सगळं खातं गोळा झालं.

"जयराम, ड्रिलं एकाच डब्यातली," साहेब म्हणाले. "मग फरक कशात आहे?" त्यांनी माझ्या मशीनच्या कोऱ्या कपाळाकडे बोट केलं. "मशीन रुसलंय. आत्ता कुंकू लाव, नारळ फोड. नसेल जमत तर हे मशीन दुसऱ्याला देतो. तू लोडिंगला जा."

"लाव ना बाबा," मागून कुणीतरी म्हणालं. "चिमूटभर तर लावायचं."

माझं डोकं फिरलं ते त्या चिमूटभर शब्दाने. माणसाला वाकवायचं असलं की मागणारा नेहमी चिमूटभरच मागतो. हे मशीन मी हेल्पर असल्यापासून मागत आलो होतो. ते हातचं जाणार हे दिसत होतं, पण तोंडातून निघायचं तेच निघालं.

"नाय लावणार, साहेब. मशीनला तेल पायजे, ते मी दिलंय. लोडिंगला पाठवायचं तर पाठवा, पण आधी माझी प्लेट झुंबरच्या मशीनवर लावा. त्याची तर पूजा झालीय."

"माझ्या मशीनवर कशाला?" झुंबर घाईने पुढे झाला आणि आपल्या प्लेटवर हात ठेवून उभा राहिला.

तेव्हा माझी नजर त्याच्या पायाशी गेली. पाणी दिलेल्या पोलादाचा बारीक चुरा पडतो. त्याच्या पायाशी लांबच लांब वेटोळी पडली होती. मी कानस उचलली. माझ्या प्लेटवरून ती काचेवरून घसरावी तशी सटकली. झुंबरचा हात बाजूला करून त्याच्या प्लेटवर ओढली, तर तिने सरळ कीस काढला. ती प्लेट कच्ची होती, पाणी न दिलेली.

झुंबर साहेबांकडे वळला. "साहेब, मीच घेतली कच्ची. पुजलेलं ड्रिल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच मोडलं तर आख्खं वर्ष कसं जायचं? लय भ्या वाटलं."

कुणी हसलं नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांनी हेच केलं असतं. मला मात्र त्याचा संताप आला. भीती त्याला वाटली होती आणि लोडिंगला मी निघालो होतो.

साहेबांनी माझी प्लेट झुंबरच्या मशीनवर आवळली, डब्यातलं नवं ड्रिल चढवलं आणि ड्रिल खाली दाबायचा दांडा स्वतः हातात घेतला. वर झेंडूची माळ हलत होती. ड्रिल प्लेटला टेकलं, किंचाळलं आणि मोडलं.

"ड्रिलंच भिकार आहेत," साहेब म्हणाले. "परत पाठवा." मग आवाज उतरवून मला म्हणाले, "तरी पण जयराम, सगळ्यांच्या समाधानासाठी एक बोट लावून टाक. काय जातंय?"

"माझं जातंय," मी म्हणालो. "नाय लावणार."

साहेबांनी मोडलेलं ड्रिल डब्यात टाकलं. "नको लावूस," एवढंच म्हणाले आणि केबिनकडे गेले. मी मशीन चालू केलं.

तेव्हापासून कुठल्याही कंपनीचं ड्रिल तपासायला आलं की साहेब ते आधी माझ्या मशीनवर पाठवतात. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदा चहा पिताना झुंबरनेच सांगितलं.

"तुझ्याकडं बरं हाय," तो म्हणाला. "तिथं मोडलं, तर नुसतं मोडतं."