चाळीस की पन्नास

मला बघायला मुलगा येणार होता. आईने सकाळीच बजावलं, "क्लेमेंटीन, आज तरी तोंड बंद ठेव." आधीची दोन स्थळं माझ्या बडबडीनेच गेली, असं तिचं ठाम मत होतं. मी फुगून स्वयंपाकघरात बसले.

फ्रान्सिस सातिवलीच्या एका गॅरेजात काम करायचा. पप्पांनी त्याला खुर्चीला टेकूसुद्धा दिलं नाही. सरळ अंगणात, आमच्या केळी वाहायच्या जुन्या पिकअपपाशी नेलं आणि इंजिन चालू केलं. ते नेहमीसारखंच खडखडायला लागलं.

"आता यात पन्नास नंबरचं ऑईल ओततो," पप्पा म्हणाले. "जाड ऑईल घातलं की आवाज बसतो."

"नको, काका. हिला चाळीसच घाला. पहाटे गार इंजिनात जाड ऑईल वर चढायला वेळ लागतो, तेवढ्यात झीज होते. आणि आवाज दाबून काय मिळणार? ती बोलते म्हणून तर तिचं दुखणं कळतं."

खिडकीतून मी सगळं ऐकत होते. चहाचा ट्रे उचलला आणि तडक बाहेर गेले.

"वर्षभर सांगतेय, गाडी कुणाला तरी दाखवा म्हणून. पण या घरात गाडीचंही कुणी ऐकत नाही आणि माझंही!"

आईने कपाळावर हात मारला. पप्पांनी इंजिन बंद केलं.

फ्रान्सिसने कप घेतला आणि ओट्यावरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा," तो म्हणाला. "आणि अगदी सुरुवातीपासून सांगा."